दारातली सनई

सिद्धवाडी, ता. नेवासे
४ ऑक्टोबर १९७१

चि. सौ. विमल,

तुझ्या आजेसासूचा तुला आशीर्वाद, आणि पोटातल्या पाहुण्याला वेगळा. दोघांचं एकात उरकणारी मी नाही.

दसऱ्याचं सोनं पाकिटात घालणार होते. पण आपट्याचं पान वाळून चुरा होतं, आणि उघडणाऱ्याला वाटतं म्हातारीनं तंबाखू पाठवली. म्हणून राहू दिलं. तुम्ही दोघं यंदा दसऱ्याला आला नाहीत हे मी लक्षात ठेवलं आहे, पण आज रागवायचं नाही. आज मी लई खुशीत आहे.

रंगनाथाचं कार्ड परवा आलं. पोस्टमन छगन दारातूनच ओरडला, "गोजरमावशी, नातवानं मुंगीएवढ्या अक्षरात लई लिवलंय, वाचून दावू का?" मी म्हटलं, "तू वाटंत वाचलंच असशील, आता मला वाचू दे." दुसरीपर्यंत शिकले म्हणून काय झालं, आपल्या नातवाचं आणि तुझं अक्षर मला येतं. दुसऱ्याचं येत नाही, ती गोष्ट वेगळी.

तर नगरात सावेडीच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर डिसेंबरात दोन दिवस मोठा गाण्याचा उत्सव आहे म्हणे. पुण्या-मुंबईचे गवई, सतारवाले. सगळी जुळवाजुळव करतोय आपला रंगनाथ. आणि पहिल्या दिवशी, सगळ्यांच्या आधी, स्टेजवर कोण? तर त्याच्या आजोबांची, आपल्या आबांची सनई! मी कार्ड हातात घेऊन सगळी आळी फिरले. बनुबाई शेण थापत होती. हात तसाच ठेवून म्हणते कशी, "वाजवनार कशानं, हिरड्यांनी?"

मेलीनं माझ्या आनंदात शेणाचा पो घातला, पण बोलली ते खरं.

हे तुला एकटीला लिहिते. रंगनाथ छापखान्यात गेला की वाच. शिमग्यापासून आबांचे पुढचे दात एकामागून एक गेले. सनईची पत्ती ओठांत धरायची तर ओठांना मागून आधार लागतो, तो आधारच गेला. फुंक सगळी बाजूनं निघून जाते. एक दिवस सिद्धेश्वराच्या देवळात आरतीला नुसतीच फुसफुस झाली. त्यांनी गपचूप सनई गोरक्षाच्या हाती दिली आणि आपण घंटेची दोरी धरली. गोरक्ष म्हणजे त्यांच्या चुलतभावाचा मुलगा, इतकी वर्षं शेजारी बसून सूर धरायचा तोच. तेव्हापासून आबांची सनई पिशवीत आणि पिशवी खुंटीला. मला शपथ घातली, "रंगनाथाला कळवू नगं. त्यो लिवनं सोडून माझ्या दातांच्या मागं लागंल."

आणि मी काय केलं, तर आबांना न विचारताच रंगनाथाला उलट टपाली लिहून टाकलं, आबा येणार! आता तूच बघ. नगरात कवळी करणारा कोणी असेल ना?

तुला वाटेल म्हातारीला मिरवायची हौस. तसं नाही गं. माझ्या लग्नाला पन्नासाच्या वर वर्षं झाली. पहाटे ते देवळाच्या दारात वाजवतात तेव्हा मी चुलीपाशी. तिन्हीसांजेला वाजवतात तेव्हाही मी चुलीपाशी. लग्नसराईत ते लोकांच्या मांडवात आणि मी आपल्या घरात. त्यांची सनई मी रोज ऐकली, पण भिंतीपलीकडून. समोर बसून, हात रिकामे ठेवून, एकदा ऐकायची आहे. ते पुण्याचे गवई मला ठाऊक नाहीत, ते गायले काय आणि न गायले काय.

जागा संपली. जपून राहा. पपई खाऊ नको.

तुझी,
आजी


नगर
१२ ऑक्टोबर १९७१

ती. आजी,

तुम्हाला आणि आबांना माझा वाकून नमस्कार. आता फार वाकता येत नाही, तेवढं चालवून घ्या.

पत्र वाचून आधी हसले आणि मग रडले. हल्ली दोन्ही लागोपाठ होतं. कवळीचं काम जमलं. माळीवाड्याजवळ दातांचे एक डॉक्टर आहेत, म्हातारे आणि सावकाश. दिवाळी झाली की आबांना घेऊन या. घरी सांगू की डोळे तपासायला आले. हे दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासतात आणि संध्याकाळी समितीच्या बैठकीला जातात. तोंडात काय चाललंय ते पाहायला त्यांना वेळच नाही.

आजी, तुमच्या नातवाचं काय सांगू! गोष्टींचं दुसरं पुस्तक अर्धं लिहून बाजूला ठेवलंय. समितीत व्यापारी आहेत, वकील आहेत, मांडववाले आहेत, पण कलाकारांना पत्र लिहायची वेळ आली की सगळे यांच्याकडे बघतात. पुण्याच्या एका मोठ्या गायिकेनं दोनदा नकार कळवला होता. नगरात कोण ऐकणार, असं त्यांना वाटलं असावं. यांनी तिसऱ्यांदा लिहिलं. मला वाचून दाखवलं म्हणून एवढं आठवतंय: "आमच्याकडे चहाच्या दुकानात तुमचं गाणं रेडिओवर लागतं. गाणं संपतं, बातम्या सुरू होतात, तरी माणसं कप हातात धरून तशीच बसलेली असतात. त्या माणसांसाठी या." बाईंचं उत्तर आलं, येते.

आता माझ्याकडची गोष्ट. हीसुद्धा गुपचूप. परवा हे बैठकीहून आले आणि जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, भूक नाही. मला कळलं ते छापखान्यातल्या सहादेवभाऊंकडून. ते अक्षरांचे खिळे जुळवतात, आणि समितीतही आहेत. बैठकीत अध्यक्षसाहेब म्हणाले, "सनई मंगल वाद्य, अवश्य ठेवू. पाहुणे येताना दारात वाजू द्या. व्यासपीठावर मात्र मैफलीचेच कलाकार." यावर हे उभे राहिले म्हणे. तुम्हाला माहीत आहे, एरवी यांचा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाही. पण त्या दिवशी म्हणाले, "माझे आजोबा जन्मभर दारात बसले. लोक त्यांच्यासमोरून बोलत बोलत आत गेले. एकदा तरी लोकांनी त्यांच्याकडे तोंड करून बसावं एवढंच मागतोय. नसेल जमत, तर पत्रं लिहायला दुसरा माणूस शोधा."

सहादेवभाऊ म्हणतात, अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घालून मान डोलवली. आबांचं नाव पत्रिकेत पहिलं छापायचं ठरलं. हे सगळं आबांना सांगू नका. त्यांना वाटायला नको की आपल्यामुळे नातवाला भांडावं लागलं.

पपई खाल्ली नाही. चिंच खाल्ली.

तुमची,
विमल


सिद्धवाडी
१९ नोव्हेंबर १९७१

चि. सौ. विमल,

आशीर्वाद, तुला आणि पाहुण्याला, नेहमीसारखा वेगवेगळा.

तुझ्याकडून आलो त्याला आठवडा होऊन गेला. तू करून दिलेला चिवडा येश्टीतच संपला. आबांनी खाल्ला! नव्या दातांनी पहिलं काय खाल्लं असेल तर तुझा चिवडा. पण खाणं वेगळं आणि सनई वेगळी.

पहिल्या दिवशी पत्ती तोंडात धरली आणि फुंकर मारली, तर सनईच्या आधी कवळीच बाहेर. गोरक्ष हसला. आबांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून नदीवर आंघोळीला गेला, सकाळची आंघोळ झालेली असताना. दुसऱ्या दिवशी कवळी राहिली जागेवर, पण वाजताना कटकट करायची, जसं कोणी आतून अडकित्ता चालवतंय. मला म्हणाले, "हे दात माझे न्हाईत. ह्यांना काय ठावं मी काय वाजवतूय?" मी म्हटलं, "मीबी तुमच्या घरात आले तवा मला काय ठावं हुतं? शिकले न्हवं!" त्यांनी सनई परत पिशवीत घातली नाही. तेवढं पुरे.

आता रोज प्रवरेच्या काठाला जाऊन बसतात, वाळूत, गावाकडं पाठ करून. कोणी ऐकू नये म्हणून. ऐकतात म्हशी. बनुबाई सांगत आली, "तुमच्या म्हाताऱ्यामुळं माझी म्हैस पान्हा चोरती." मी म्हटलं, "आधी तरी कुठं देत हुती?"

तू लिहिलेलं मी पोटात ठेवलं आहे. आबांना अक्षरही सांगितलं नाही. पण रंगनाथ उभा राहून बोलला, हे वाचून मला त्याचं लहानपण आठवलं. तुझे सासू-सासरे पटकीच्या साथीत गेले तेव्हा तो पाच वर्षांचा. आबांनी त्याला मांडीवर घेऊन देवळाच्या दारात बसवायला सुरुवात केली. जरा मोठा झाल्यावर हातात सूर दिला. सूर म्हणजे नुसता एकच आवाज, पण तुटू द्यायचा नाही. नाकानं श्वास घ्यायचा आणि गालानं सोडत राहायचं. याचा तुटायचा. रोज तुटायचा. डोळ्यांत पाणी यायचं बिचाऱ्याच्या. पण वाजवणं संपलं की आबांना सांगत बसायचा, आज देवळात कोण कोण आलं. ती निळ्या लुगड्याची बाई नवस फेडायला आली, तिच्या नवऱ्याची बैलजोडी सापडली. तो धोतरवाला नुसता सावलीला आला, देवाला फसवायला. सगळं आपल्या मनानं! आबा हसून हसून खोकायचे. मला म्हणाले, "ह्याला फुंक न्हाई, पन ह्याच्यात काय तरी हाय. ह्याला नगरला शिकाया धाडू." गावानं नावं ठेवली. गुरवाचं पोर देवाची चाकरी सोडून चाललं म्हणून. आबांनी कोणाचं ऐकलं नाही. आपल्या हातानं त्याची वळकटी बांधली.

म्हणून म्हणते, भांडला असेल तर भांडू दे. तो देणं फेडत नाही, त्याचं ते प्रेम आहे.

डिसेंबर जवळ आला आणि कटकट अजून जात नाही. सिद्धेश्वरालाच काळजी.

तुझी,
आजी


नगर
२० डिसेंबर १९७१

ती. आजी,

नमस्कार. लढाई संपली आणि दिवे पुन्हा लागले. इतके दिवस खिडक्यांना काळे कागद लावून बसलो होतो. नगर म्हणजे लष्कराचं गाव. रस्त्यानं सारख्या गाड्या, आणि रेल्वे स्टेशनवर जवानांना चहा द्यायला बायकांची गर्दी. मीही दोनदा जाऊन आले. रागावू नका, सहादेवभाऊंच्या घरचे सोबत होते.

उत्सव अर्थातच पुढे गेला. मैदान मिळालं नाही, आणि मिळालं असतं तरी कोणाला गाण्याचं मन नव्हतं. समितीतले काहीजण म्हणाले, आता सोडूनच देऊ. यांनी मात्र कागद पुढे ओढला आणि सगळ्या कलाकारांना नव्यानं पत्रं लिहिली. एकेकाला वेगळं. मी म्हटलं, एकच मजकूर छापून घ्या की. म्हणाले, "छापलेल्या पत्राला माणूस छापील उत्तर देतो." सगळ्यांचे होकार पुन्हा आले. शिवरात्रीनंतर, १९ आणि २० फेब्रुवारी. शिवरात्रीच्या आधी ठेवायचं ठरत होतं, तेव्हा यांनीच सांगितलं, त्या वेळी गुरवाला देवळातून हलता येत नाही.

मला मात्र वाईट वाटतंय. डिसेंबरात झालं असतं तर मी असते. आता जानेवारीत मला भंडारदऱ्याला माहेरी जायचंय. बाबा न्यायला येणार. त्यांची धरणावरची नोकरी, त्यामुळे थंडी आणि पाणी दोन्ही भरपूर. मी आबांना ऐकू शकणार नाही. तेव्हा आजी, तुम्ही मला सगळं लिहायचं. कोण काय बोललं, कोणी काय नेसलं होतं, सगळं. हे लिहितील तर फक्त कार्यक्रम लिहितील.

तुमची,
विमल


सिद्धवाडी
२४ जानेवारी १९७२

चि. सौ. विमल,

तिथं थंडीत नीट पांघरून राहा. डिंकाचे लाडू गोरक्षाबरोबर नगरला दिले होते, रंगनाथानं तुझ्यासोबत पाठवले की स्वतः खाल्ले?

लढाई वाईटच. आपल्या गावातला एक मुलगा तिकडं होता, परवा सुखरूप आला, तेव्हा त्याच्या आईनं सगळ्या वाडीला साखर वाटली. वाईट गोष्टीतलं चांगलं काढू नये, पण तुझ्यापाशी म्हणून बोलते: आमच्या दातांना सवड मिळाली.

विमल, गेल्या सोमवारी पहाटे मी भाकरी थापत होते. देवळातून सनई आली. मी म्हटलं, गोरक्ष सुधारला. मग एका जागी सूर असा वळला, जसं कोणी जाता जाता मागं वळून बघतं. माझा हात तव्यावर तसाच राहिला. गोरक्षाला ते येत नाही. ते फक्त यांचं आहे. भाकरी जळली, ती मी कोंबड्यांना घातली. ते घरी आले तेव्हा मी ताकात मीठ जास्त टाकलं, ते म्हणाले, "आज ताक चांगलं झालंय." इतके खूश होते.

आता रोज वाजवतात. शिवरात्रीची तयारी आहे, बेल तोडायचा, पत्रावळी लावायच्या, माझे हात फुटले आहेत, पण मला काही वाटत नाही.

एक विचारायचं आहे. आबा रोज मला विचारतात, "त्या मांडवाचं दार कुन्या अंगाला हाय, इचार की." मी म्हटलं, दाराचं तुम्हाला काय करायचं, तुम्हाला स्टेजवर बसायचंय. म्हणाले, "इचार म्हनलं तर इचार." वाऱ्याचं काही असेल. पत्तीला वारा लागलेला चालत नाही त्यांना. रंगनाथाला विचारून कळव.

तुझी,
आजी


भंडारदरा
४ फेब्रुवारी १९७२

ती. आजी,

नमस्कार. लाडू पोचले, दोन कमी होते. चोर तुम्हाला माहीत आहे.

यांचं पत्र आलं. मांडवाचं दार पूर्वेला आहे, म्हणजे व्यासपीठ पश्चिमेच्या टोकाला. आबांना सांगा, वाऱ्याची काळजी नको, तिन्ही बाजूंना कनात आहे. पांढरी गादी, मागे निळा पडदा, पुढे माईक. यांनी सगळं स्वतः उभं राहून ठरवलंय. लिहितात, "आबांची बैठक मी मोजून घातली आहे, मांडी घालून बसतील तेव्हा गुडघा दुखू नये एवढी उंच." दुसरं काहीच नव्हतं त्या पत्रात. माझ्या तब्येतीचं शेवटच्या ओळीत.

रागावले नाही. वाचून बरंच वाटलं.

तुमची,
विमल


सिद्धवाडी
२४ फेब्रुवारी १९७२

चि. सौ. विमल,

आशीर्वाद. अंतर्देशीय आणलं होतं, ते ठेवून दिलं आणि गोरक्षाच्या मुलीकडून वहीचे कागद मागून घेतले. हे एका पानात मावायचं नाही.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं, गोरक्ष आणि साथीचा संबळवाला नगरला उतरलो. रंगनाथ स्टँडवर उभा. वाळलाय. दाढी वाढलेली, खिशात चार पेनं, आणि बोलताना नजर तिसरीकडंच. पाया पडला आणि आबांच्या तोंडाकडं बघतच राहिला. आबा हसले ना! "आबा, तुमचे दात?" आबा म्हणाले, "दातांचं काय, आले." रंगनाथानं माझ्याकडं बघितलं, मी येश्टीकडं बघितलं. मग त्याला सगळं सांगितलं. रागावला नाही, नुसता माझा हात धरून चालत राहिला, रस्ताभर, लहानपणी धरायचा तसा.

मांडवामागं कलाकारांसाठी खोली होती. तिथं आम्हाला चहा दिला, आबांना नवा फेटा बांधला. रंगनाथ म्हणाला, "आबा, सहा वाजता मी न्यायला येतो." आणि पळाला. मला सहादेवभाऊंनी अगदी पुढच्या सतरंजीवर बसवलं. बायका लई आल्या होत्या, कोणाचं काय नेसणं ते पुढच्या पत्रात लिहीन, आता घाई आहे. एका बाईच्या अंबाड्यावर एवढा गजरा होता की मला अर्धा पडदाच दिसेना.

कर्ण्यावर सिनेमाच्या रेकॉर्डी चालल्या होत्या, कानठळ्या बसतील अशा. मांडव भरत आला. सहा वाजले. रंगनाथ पडद्यामागं गेला आणि परत आला तो पांढराफटक. खोली रिकामी! आबा नाहीत, गोरक्ष नाही, संबळवाला नाही. मी त्याचं तोंड बघूनच ओळखलं. मला वाटलं, दात पडले आणि लाजेनं निघून गेले. पुढच्या खुर्चीवर अध्यक्षसाहेब होते, ते शेजारच्याला म्हणाले, "माणसं बघून घाबरला असेल म्हातारा. आधीच सांगत होतो." मी ऐकलं. उत्तर देणार होते, पण आधी रंगनाथाकडं बघितलं.

रंगनाथ माईकपाशी आला. विमल, आयुष्यभर शब्दांत राहिलेला माणूस, आणि एक शब्द येईना. त्यानं हात वर करून रेकॉर्ड बंद करायला सांगितली.

रेकॉर्ड बंद झाली आणि सनई ऐकू आली. माझ्या पाठीमागून.

कधीपासून वाजत होती कोण जाणे. कर्ण्याखाली कोणाला ऐकू येत नव्हती एवढंच. मी उठले. बायका म्हणायच्या, आजी बसा, कार्यक्रम सुरू व्हायचाय. मी कोणाचे पाय तुडवले, कोणाच्या मुलाला ओलांडलं, देवाला ठाऊक. रंगनाथ दुसऱ्या बाजूनं धावत आला. मांडवाच्या दाराशी, कमानीखाली, उजव्या अंगाला पोतं अंथरून आबा बसले होते. डावीकडं गोरक्ष सूर धरून, मागं संबळवाला. लोक समोरून आत येत होते. कोणी नमस्कार करत होतं, कोणी बोलत बोलत जात होतं. आपल्या देवळात असतं तसंच सगळं.

रंगनाथ म्हणाला, "आबा, अहो तिकडं स्टेजवर गादी घातलीय तुमच्यासाठी!"

आबांनी सनई खाली घेतली. गोरक्षानं सूर सोडला नाही, शहाणा. आबा म्हणाले, "आरं, मानसं यायलीत अजून. दारात सनई नसली तर आलेल्याला कळायचं कसं, की ये म्हनून?"

रंगनाथाचा तोल गेला. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "तुम्हाला इथंच बसवा म्हणत होते हे लोक! दारात! मी त्यांच्याशी भांडलो. पत्रं लिहिणार नाही म्हणालो. आणि तुम्ही आपणहून इथं येऊन बसलात!"

मला वाटलं, आता आबा खचणार. ते काय करतात तर फेटा जरा मागं सारून त्याच्याकडं नीट बघतात. म्हणाले, "भांडलास ते लई ब्येस केलंस. न्हाईतर त्यांनी मला हितं बसवलं असतं. आता मी बसलोय." आणि सनई पुन्हा तोंडाला लावली.

रंगनाथाचा चेहरा असा झाला, जसा लहानपणी गोष्ट सुचल्यावर व्हायचा. वळला आणि लोकांमधून परत स्टेजकडं गेला. माईकवर त्याचा आवाज आला, अगदी शांत:

"मंडळी, कार्यक्रम सुरू झालेला आहे. तो तुमच्या पाठीमागे चालू आहे. कृपया सर्वांनी वळून बसावं."

आधी कोणाला कळेना. मग कोणीतरी हसलं, आणि एक ओळ वळली, मग दुसरी, मग सगळा मांडव. खुर्च्या उचलून फिरवल्या, सतरंज्यांवरची माणसं बसल्या जागी फिरली, मुलं तर दोनदोनदा फिरली. जे मागं उशिरा येऊन उभे होते ते झाले पहिल्या रांगेतले, आणि अध्यक्षसाहेब झाले सगळ्यात शेवटचे. बिचारे नंतर उठून दारापर्यंत आले आणि उभ्यानंच ऐकलं. आबांना वाकून नमस्कारही केला, तेव्हा त्यांच्याबद्दल मी आणखी काही लिहीत नाही. पुण्याच्या त्या बाईही आल्या आणि माझ्या शेजारी पोत्याच्या कडेला टेकल्या. साडी चांगली होती, तरी टेकल्या. मी त्यांना म्हटलं, "जरा सरका, मला दिसत न्हाई." मागाहून कळलं त्या कोण ते. सरकल्या मात्र लगेच.

मी समोर बसले. हात मांडीवर रिकामे. काय करावं हातांचं ते कळेना, म्हणून पदराचं टोक धरून ठेवलं.

विमल, ते डोळे मिटून वाजवतात. मला माहीतच नव्हतं. पन्नास वर्षं मी समजत होते की वाजवताना ते देवाकडं बघत असतील. आणि तो सूर जिथं मागं वळून बघतो ना, तिथं त्यांची डावी भुवई वर जाते, जसं कोणी हाक मारल्यावर जाते. गाल फुगतात तेव्हा ते तरुण दिसतात. इतकं सगळं रोज माझ्या भिंतीपलीकडं होत होतं आणि मी पीठ मळत होते. पण मला वाईट वाटलं नाही गं. वाटलं, उरलंय अजून. दिसतंय अजून.

संपलं तेव्हा टाळ्या दारापासून पडद्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. आबांनी डोळे उघडले तर समोर एवढी तोंडं. दचकलेच. सगळी तोंडं आपल्याकडं आणि कोणी आत जात नाही, हे त्यांनी कधी बघितलेलं नव्हतं. मग मी दिसले. पहिला प्रश्न त्यांनी मला विचारला, "नीट ऐकाय आलं का?"

मी म्हटलं, "न्हाई. पुन्यांदा वाजवा."

सगळा मांडव हसला, आणि त्यांनी पुन्हा वाजवलं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी गवई गायले, सतारवाले वाजले, लई छान झालं म्हणतात. मला त्यातलं थोडंच कळलं. रंगनाथ माझ्यापाशी येऊन बसला तेव्हा मी त्याचे केस विस्कटले, एवढ्या मोठ्या लेखकाचे, चार माणसांदेखत. म्हणाला, "आजी, मी आबांना आत आणायला निघालो होतो." मी म्हटलं, "तू लोकांना वळवलंस. आबांना कोन वळवनार?" त्याचं पुस्तक मी वाचलेलं नाही, माझ्यानं होत नाही तेवढं. पण त्यानं माईकवर जे म्हटलं ते माझ्यासाठीच लिहिल्यासारखं होतं. असा नातू सिद्धेश्वरानं दिला, आणि त्याला तुझ्यासारखी मिळाली जिनं म्हाताऱ्याचे दात केले. मी कोणाकोणाचे उपकार मोजू? म्हणून मोजत नाही, नुसती आठवत राहते.

त्याला सांग, आता ते अर्धं राहिलेलं पुस्तक पुरं कर. उत्सव दरवर्षी होईल, पुस्तक कोणी दुसरं लिहिणार नाही.

तुझी खबर लवकर येऊ दे. बारशाच्या दिवशी भंडारदऱ्याच्या घराच्या दारात आबा वाजवणार, त्यांचं ठरलंय. बनुबाई म्हणते, मीपण येते. म्हैस कोण बघणार विचारलं तर म्हणते, म्हशीला घेऊन येते.

आणखी लई लिहायचं होतं. त्या गजऱ्याच्या बाईचं तर राहिलंच. पण दिवस मावळला, देवळात घंटा झाली आणि सनई लागली आहे. चूल पेटवायची आहे, पीठ परातीत तसंच आहे. राहू दे. जेवण उशिरा होईल, त्यांची हरकत नाही. मी चालले देवळात, समोर बसायला.

तुझी,
आजी